राखून ठेवलेला घाव

“आधी अंधार कर, टिली. उजेडात लोखंड खोटं बोलतं.”

पापांचा हा आवाज ओटिलियाला इतक्या वर्षांनी ऐकू आला तो डाकोटातल्या बिस्मार्क शहरात, एका गॅरेजच्या दारात, भर सकाळी. ब्रेक दाबला की तिची जुनी पिकअप दात खाल्ल्यासारखी करायची, म्हणून ती आली होती. लीरॉय मेकॅनिकनं मागचं चाक काढलं, आतला बिडाचा जाड ड्रम ओढून काढला आणि फरशीवर टाकून दिला. ड्रम काठावर उभा राहिला, थोडा घरंगळला, स्वतःभोवती गरगरला आणि वाजत वाजत उताणा पडला. त्या वाजण्याचं टोक बारीक होत गेलं, आणि ते पुरतं विरायच्या आत पापांचा आवाज आला. अगदी कानाशी. तंबाखूच्या वासासकट. ओटिलियानं गळ्यातला क्रूस चाचपला. उताण्या ड्रमकडं ती बघत राहिली. मधोमध भोक असलेलं, जाड काठांचं, काळं खोलगट भांडं. असं भांडं आपण कुठंतरी पाहिलं आहे, पण आत विस्तव असलेलं.

“बघा बाई, कशा खोबणी पडल्यात,” लीरॉय म्हणत होता. “अजून महिनाभर चालवली असतीत तर थेट मिसुरी नदीतच थांबली असती गाडी. मासे म्हणाले असते, आलात? या.”

“हे मला द्याल?”

“हे? घ्या की. कुंडी करणार? माझी मेव्हणी यात फुलं लावते. दिसतं भयाण, पण तिला कोण सांगणार.”

“कुंडी नाही,” ओटिलिया म्हणाली. तिला खोटं बोलता येत नसे, आणि खरं बोलतानाही तिचा आवाज इतका खाली जाई की माणसाला पुढं वाकावं लागे. “भट्टी.”

लीरॉय पुढं वाकला, मग हसला, मग तिच्या चेहऱ्याकडं बघून हसायचा थांबला. त्यानं ड्रम फडक्यानं पुसून गाडीत ठेवला.

घरी येईस्तोवर ड्रम मागं गडगडत राहिला आणि प्रत्येक वळणावर तिला वाटत राहिलं की आपण हे काय बोलून बसलो. साठी उलटलेली, लग्न न केलेली बाई. सगळा जन्म शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांना सूप वाढण्यात गेला. आता आठवड्यातून एकदा चर्चच्या वेदीवरची कापडं इस्त्री करून द्यायची, पहाटे जपमाळ, बुधवारी आणि शुक्रवारी एकभुक्त, रविवारी चर्चमध्ये मिसा आणि मिसेनंतर आईला भेटायला वृद्धाश्रमात. या नेमांच्या खुंट्यांवर तिचे दिवस टांगलेले होते, आणि त्यातली एक जरी खुंटी निघाली तर खाली काय सांडेल याचं तिला भय वाटे. भट्टी म्हणजे काय, हे तिला ठाऊक नव्हतं. लोहाराची मुलगी असून ठाऊक नव्हतं. तिला फक्त अंधार करता येत होता.

जोसेफस्टाल या जर्मनांच्या गावात पापांची लोहारशाळा घराला चिकटूनच होती. ओटिलिया पाच-सहा वर्षांची झाल्यापासून तिच्याकडं एवढंच काम होतं. पापांनी हाक मारली की आत जायचं, खिडक्यांची लाकडी दारं एकेक ओढून घ्यायची, आणि बाहेर जाऊन मोठं दार लावून घ्यायचं. बाहेर जाऊन. आत थांबायचं नाही. लोखंडाचा रंग बघायला अंधार लागतो, ते काळपट तांबडं आहे की चेरीसारखं लाल की लोण्यासारखं पिवळं, हे उन्हात कळत नाही, असं पापा सांगत. पण त्या अंधारात तिला कधी उभं राहू दिलं नाही. मुलींचं काम नाही हे, असंही कुणी म्हणालं नाही. दार लागे, एवढंच. मग ती बाहेर वाऱ्यात, भिंतीला पाठ लावून ऐकत बसे. पापांचा हातोडा पडे, ठण्. मग ते ऐरणीवर रिकामी टिचकी मारत, टिंग. आणि मग काहीच नाही. एक श्वास भरेल एवढी जागा. मग पुन्हा ठण्, टिंग, आणि ती जागा. लहानपणी तिला वाटे, लोहारकाम असंच वाजतं. इतर गावच्या लोहारांचं काम तिनं ऐकलंच नव्हतं. स्वयंपाकघरात आई कणीक मळत असे, आणि त्या रिकाम्या जागेशी आईचे हात परातीत थांबत. मग पुढं चालू होत. तेही तिला तसंच वाटे, की कणीक अशीच मळतात.

वसंतात आईला वृद्धाश्रमात ठेवलं त्या आठवड्यातली गोष्ट. आई पलंगावर बसली होती, पाय जमिनीला पुरत नव्हते, आणि खिडकीतून दिसणाऱ्या पार्किंगकडं बघत ती अचानक म्हणाली, “टिली, पोराला क्रूस नाही.”

कोणत्या पोराला, हे विचारावं लागलं नाही. ओटिलियाच्या आधी एक मुलगा झाला होता आणि तासाभरात गेला होता. बाप्तिस्मा झाला नव्हता, म्हणून त्याला कबरस्तानाच्या कुंपणाबाहेर पुरलं होतं. एवढं घरात सगळ्यांना माहीत होतं आणि त्यापलीकडं कुणी बोलत नसे. कुंपणाच्या आत पापांचे क्रूस होते. बैलगाडीच्या आणि घोडागाडीच्या चाकांच्या धावा सरळ करून, तापवून, वळवून घडवलेले उंच लोखंडी क्रूस, कुणावर सूर्याचे किरण, कुणावर हृदय, कुणावर पिळाच्या वेली. आजूबाजूच्या तीन गावांच्या मेलेल्यांना पापांनी क्रूस दिले होते. डाकोटाचा वारा सुटला की त्या किरणांतून शिट्ट्या वाजत आणि सगळं कबरस्तान हलक्या आवाजात काहीतरी म्हणतंय असं वाटे. कुंपणाबाहेर नुसतं गवत होतं. त्याला वाजायला काही नव्हतं.

“मी आणते ना विकत,” ओटिलिया म्हणाली होती. “मी फादरांना मागंच विचारलंय आई. आता तो नियम राहिला नाही. ते म्हणाले, काय हवं ते लावा.”

“विकतचा नको. आणि तो गॅसनं चिकटवलेलाही नको. कड्यानं आवळलेला. धावेचा. तुझ्या बापाचा सगळा पसारा कास्परकडं पडलाय.”

“बरं.”

“बरं काय? करशील?”

“करीन.”

“आणि त्यातला एक घाव माझ्यासाठी ठेव.”

हे शेवटचं वाक्य ओटिलियानं म्हातारपणाच्या खात्यात टाकलं. आई अलीकडं असं काहीबाही बोले. मधेच जर्मन, मधेच नुसतं ओठ हलवणं. ‘करीन’ हा शब्द मात्र ओटिलियाच्या तोंडून गेला होता, आणि देवासमोर आणि आईसमोर दिलेल्या शब्दांत तिनं कधी फरक केला नव्हता. त्या दिवसापासून तिनं कॉफीतली साखर सोडली. क्रूस उभा राहीपर्यंत साखर नाही. उन्हाळा गेला. कडू कॉफीची सवयही झाली, आणि सवय झाली तसं ते व्रत उरलं नाही, नुसती कडू कॉफी उरली. आईनं पुन्हा विषय काढला नाही. रविवारी ओटिलिया गेली की आई तिचे दोन्ही हात आपल्या हातांत घेई, उलटेपालटे करून बघे आणि म्हणे, “स्वच्छ आहेत.” बस्स. कधी कौतुकानं म्हटल्यासारखं, कधी शिवी दिल्यासारखं.

ग्रंथालयातून तिनं एक पुस्तक आणलं. त्यात सगळं सोपं होतं. ड्रमच्या मधल्या भोकावर भोकं पाडलेली लोखंडी ताटली ठेवा, खालून पाइप जोडा, पाइपाला फाटा काढून त्यातून वारा सोडा, फाट्याच्या तळाला राख पाडायला झाकण. भाता नसेल तर केस वाळवायचं यंत्रही चालतं. तिच्याकडं ते होतं, गुलाबी, शाळेतल्या बायकांनी निवृत्तीच्या वेळी दिलेलं, कधीच न वापरलेलं. जुन्या टेबलाच्या सांगाड्यावर तिनं ड्रम बसवला. नळाच्या सामानाच्या दुकानातून पाइप आणला, चकचकीत रुपेरी. गॅरेजच्या खिडकीला तिनं लोकरीचं ब्लँकेट खिळ्यांनी ठोकलं, आणि खिळे ठोकताना तिला जाणवलं की या सगळ्यात हे एकच काम आपण न अडखळता केलं.

ऐरण आणायला ती गावी गेली. कास्पर तिचा चुलतभाऊ, पोट सुटलेला, सूर्यफुलाच्या बिया सतत दाढेत फोडणारा. यंत्रांच्या शेडमध्ये एका कोपऱ्यात ताडपत्रीखाली सगळं होतं. सांडश्या, धावांची वेटोळी, बुंध्यावर बसवलेली ऐरण.

“घे बाई, ने,” तो म्हणाला. “बायको रोज म्हणते भंगारात दे. मी म्हणतो भूत येईल पीउसकाकांचं. ती म्हणते येऊ दे, निदान दाराच्या बिजागऱ्या तरी दुरुस्त करेल.” मग ती ऐरणीजवळ उभी राहिलेली बघून तो पुढं आला. “हात खाली सोड बघू. मूठ वळ. अगं, तुझी बोटांची पेरं कुठं आणि ऐरण कुठं! ऐरणीचा माथा इथं मुठीशी आला पाहिजे. हा बुंधा काकांच्या मापाचा आहे. कापावा लागेल चांगला वीतभर. करवत आणू?”

ओटिलियानं बुंध्याकडं पाहिलं. पापांना जाऊन वीस वर्षं होऊन गेली होती आणि त्यांच्या अंगाचं असं एकच माप जगात शिल्लक होतं. सैल सोडलेल्या हाताच्या मुठीची उंची. “नको,” ती म्हणाली.

“मग खोक्यावर उभी राहा. ते बघ तिकडं, ते पण आहेच.”

ऐरणीच्या पलीकडच्या बाजूला, भिंतीशी, ओकच्या फळ्यांचं एक बुटकं खोकं होतं. वरची फळी दोन ठिकाणी झिजून खोलगट झाली होती. दोन पावलांच्या जागा, एक थोडी पुढं, एक मागं. लहान पावलं. ओटिलियाला आधी वाटलं की एखाद्या मुलाची. पण मूल एका जागी एवढं कशाला उभं राहील?

“हे कुणाचं?”

कास्परनं बी थुंकली. “थट्टा करतेस? तुझ्या आईचं. लुडविनाकाकूचं. घण घालायची ना ती.” मग तिचा चेहरा बघून त्याचा स्वर बदलला. “टिली, तुला खरंच माहीत नव्हतं? माझी आई सांगायची. दुष्काळाच्या, धुळीच्या वादळांच्या वर्षांत गडी ठेवायची ऐपत नव्हती कुणाची. काका सांडशीनं धरायचे, हातोड्यानं जागा दाखवायचे, की काकू त्या जागी घण घालायची. म्हणे सबंध परगण्यात तिच्यासारखा सरळ घण नव्हता कुणाचा. मग ते पोर गेलं. लोक म्हणाले पोटुशी बाई घण घालते, मग काय होणार. काका पण म्हणाले. मग बंद झालं.”

परतीच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना कापून झालेली सूर्यफुलाची रानं होती, खुंट उभे, आभाळ राखेचं. ओटिलियाच्या कानात ठण्, टिंग, आणि ती रिकामी जागा वाजत होती. पापा त्या जागेत कशाची तरी वाट बघत होते. टिचकी मारून, आता तू, असं म्हणून एक श्वासभर थांबत होते. की थांबत नव्हते, हाताला सवय होती म्हणून थांबत होते? तिला ठरवता येईना. आणि भिंतीच्या या बाजूला परातीत थांबणारे आईचे हात. सबंध बालपण ती त्या दोघांच्या मधल्या भिंतीला पाठ लावून बसली होती आणि त्याला लोहारकाम समजत होती. गाडीत मागं खोकं हलत होतं. तिनं जपमाळ काढली, पण दहा मणी झाले तरी तिच्या ओठांवर प्रार्थना होती आणि मन त्या दोन खळग्यांमध्ये पाय ठेवून उभं होतं.

पहिला विस्तव सपशेल फसला. कोळसा तिनं जवळच्या खाणीचा आणला होता, स्वस्त, तपकिरी, त्या भागात सगळे शेगडीत घालतात तो. तो नुसता धुमसला, फुटफुटून ठिणग्या उडाल्या, गॅरेजभर कुजक्या अंड्यांचा वास भरला. तिनं वारा वाढवला. पाइप तापला आणि त्याच्या रुपेरी अंगावरून पांढरा धूर निघू लागला, दाट, आणि त्या धुरात पिंजलेल्या कापसासारखे बारीक तुकडे तरंगू लागले. ब्लँकेटच्या अंधारात ते इतकं सुंदर दिसत होतं, की तिला वेदीवरच्या धुपाची आठवण झाली. तोंडात गोड चव आली. साखर सोडलेल्या तिच्या तोंडात, गोड. ती तशीच उभी राहून श्वास घेत राहिली.

संध्याकाळी तिला हुडहुडी भरली. दात वाजायला लागले, छातीवर पाटा ठेवल्यासारखं झालं. त्या रविवारी ती मिसेला गेली नाही, शाळेत असल्यापासून पहिल्यांदा. जपमाळ उशाशी होती, पण मणी कुठून मोजायचे तेच तिला आठवेना. प्रभूची प्रार्थना अर्ध्यातच सुटून जाई आणि मागं टिंग वाजे. देव नको म्हणतोय, असं तिला स्वच्छ वाटलं. ज्याला कुंपणाच्या आत घेतलं नाही त्याच्यासाठी तू विस्तव पेटवतेस, म्हणून. मग तिला वाटलं, देवाला एवढी फुरसत नसेल. मग त्या विचाराचंच भय वाटून ती रडली, मोठ्यानं नाही, तिला मोठ्यानं रडता येत नसे.

कास्परनं फोनवर ऐकून घेतलं आणि ओरडलाच. “जस्त! अगं जस्ताचा मुलामा असतो त्या चकचकीत पाइपावर! तापला की विष होतो त्याचा धूर. लोहाराची पोर ना तू? मेली असतीस तर मी काय सांगितलं असतं काकूला?” दोन दिवसांनी तो स्वतः आला. साधा काळा पाइप, घोड्यांच्या नालवाल्याकडून मागून आणलेला चकाकणारा लोहारी कोळसा, आणि बायकोनं दिलेलं बटाट्याचं आणि कणकेच्या गोळ्यांचं क्नेफला सूप. पाइप त्यानंच बसवून दिला. जाताना म्हणाला, “खिडकी झाक, पण दार थोडं उघडं ठेव. काकासुद्धा वर धुरांडं ठेवायचे. अंधार हवा म्हणजे श्वास कोंडायचा असं नाही.”

तिला बरं वाटल्यावर खरा विस्तव पेटला. नवा कोळसा आधी चिकटला, फुगला, मग त्याचा हलका खडबडीत निखारा झाला आणि मध्यभागी एक पांढरट पिवळी गुहा तयार झाली. धावेचा तुकडा तिनं त्यात सारला. ब्लँकेटच्या काळोखात लोखंड आधी दिसतच नव्हतं, मग काळपट तांबडं झालं, मग चेरी, मग नारिंगी, आणि तिला कळलं की ज्या अंधाराचं दार ती रोज लावून घ्यायची त्या अंधारात एवढा रंग होता. पापा हे एकटेच बघत होते. त्यांना एकट्यानं बघायचं नसेल कदाचित. ती आईच्या खोक्यावर चढली. तिचे पाय दोन्ही खळग्यांत बरोबर बसले.

पुढल्या रविवारी आईनं तिचे हात घेतले, उलटे केले, आणि काही म्हणाली नाही. नखांखाली काळं होतं, अंगठ्याशी भाजल्याचा फोड. आईनं ते हात नाकाशी नेले. बराच वेळ तिनं वास घेतला. शेजारच्या पलंगावरची बाई दूरदर्शनवर कसलीशी चक्रं फिरताना बघत होती.

“घोड्याच्या नालवाल्याचा कोळसा,” आई म्हणाली.

“हो.”

“खोकं सापडलं?”

“आई, तू कधी बोलली नाहीस.”

“तू विचारलं नाहीस. भिंतीशी बसून नुसतं ऐकायचीस. मांजरासारखी.” आई हसली, मग खोकली, मग बराच वेळ खोकतच राहिली. छातीत पाणी झालं होतं, डॉक्टर म्हणाले होते उतरतंय, पण नर्स डोलोरेस तसं म्हणत नव्हती. खोकला थांबल्यावर आई अगदी सपाट आवाजात बोलू लागली, दुसऱ्याच कुणाचं सांगितल्यासारखं. “लोहारशाळेतच झाला तो. घण खाली ठेवला आणि तिथंच बसले. दाईला बोलवायला वेळच नव्हता. तुझ्या बापानं झेलला. रंग चांगला नव्हता, निळसर. आम्हाला दोघांनाही कळलं. टबात पाणी होतं, टिली.”

ओटिलियाला धर्मशिक्षणाच्या वर्गातलं पहिलं पान आठवलं. मरायला टेकलेल्या जिवाच्या कपाळावर कुणीही पाणी ओतावं आणि ते चार शब्द म्हणावेत. शेतकरी, दाई, परका, कुणीही. इतकं सोपं ठेवलं आहे.

“टब भरलेला होता,” आई म्हणाली. “मी म्हटलं, घाल. तो म्हणाला, हे काळं पाणी, लोखंड विझवायचं, यात लोखंडाचे खवले आहेत, राख आहे. देवाच्या लेकराला हे कसं घालू? आणि पळाला फादरांना आणायला. धूळ अशी उठलेली, की समोरचं कुंपण दिसत नव्हतं. मला उठता येत नव्हतं. टब तिथं होता, त्या कपाटाएवढ्या अंतरावर. मी हात लांब केला. पुरला नाही. आले तेव्हा फादरांच्या हातात चांदीची झारी होती.”

“आई.”

“मग लोक म्हणाले घणानं झालं. तोही म्हणाला. मी म्हटलं, असेल. घरात एकानं तरी झोपावं ना.”

दूरदर्शनवर कुणीतरी काहीतरी जिंकलं आणि टाळ्या वाजल्या. ओटिलियाला एकदम आठवलं की दर ईस्टरला पापा चर्चमधून पवित्र पाण्याची बाटली आणत आणि सगळीच्या सगळी लोहारशाळेतल्या टबात ओतत. धंद्याला बरकत म्हणून ओततात, असं ती शाळेत मैत्रिणींना सांगायची. वर्षभर पापा त्या पाण्यात लोखंड विझवत राहिले, तीन गावांच्या मेलेल्यांचं लोखंड, आणि दर वेळी टिचकी मारून थांबत राहिले. तेही झोपले नसतील, हे आईला कधी कळलं असेल का? की कळलं असूनच तिनं ते पत्करलं? तिनं विचारलं नाही. तिच्या घराण्यात विचारायची रीत नव्हती.

“एक घाव,” आई म्हणाली आणि डोळे मिटले. “लक्षात आहे ना. एवढाच. बघू काय होतं घणानं.”

त्यानंतरचे दिवस ओटिलियाला एकाच लांब संध्याकाळीसारखे आठवतात. सूर्य पाचच्या आतच मावळायचा. ती लोखंड वाया घालवत होती. कधी फार तापवून ठिणग्या उडून जळून जाई, कधी थंड लोखंडावर मारत राही आणि मनगटापासून खांद्यापर्यंत झिणझिण्या येत. किरण जमेनात, तेव्हा किरण सोडले. हृदय जमेना, ते सोडलं. शेवटी नुसती एक उभी पट्टी आणि एक आडवी उरली, दोन्ही धावेच्या, टोकांना थोडी रुंदावलेली, त्यातही एक टोक वाकडंच. देखणं काहीच नव्हतं त्यात. जमीन गोठत आली होती. कास्परनं फोन करून सांगितलं की कुंपणाबाहेरचा खड्डा त्यानं खणून ठेवला आहे, वर गवताची पेंढी टाकून, कारण पुढं गोठलेल्या जमिनीत पहारही शिरणार नाही. आणि गुरुवारी सकाळी नर्स डोलोरेसचा फोन आला. “ओटिलिया, उद्यापासून हिमवादळ सांगितलंय. आज त्या जाग्या आहेत, जेवल्यासुद्धा. डॉक्टर तासाभरासाठी हो म्हणालेत. बाहेर न्यायचं म्हणत होतात ना... मी तुम्हाला खोटी आशा लावत नाही. पण न्यायचं असेल तर आज.”

फक्त कडं राहिलं होतं. दोन पट्ट्या जिथं एकमेकींना ओलांडतात तिथं तापलेलं कडं घालायचं, त्याचे दोन्ही पाय मागं वळवून बसवायचे, की निवताना ते आवळतं आणि पुन्हा सुटत नाही. ओटिलियानं ‘दुपारी येते’ म्हणून फोन ठेवला. आधी हे पुरं करावं, असं तिनं ठरवलं. थंड हातांनी, घाईत. म्हणजे आईला तयार क्रूसच दाखवता येईल, गाडीत ठेवून. खिडकीशी आणून. बाहेर एवढी थंडी, ती खोकणार, कशाला न्यायचं तिला गॅरेजात? बघितलं की तिला पुरेल. कडं नारिंगी झालं. तिनं ते सांडशीनं उचललं, पट्ट्यांवर बसवलं, उडी मारल्यासारखी खोक्यावर चढली आणि पहिला पाय वळवला. ठण्. बसला. हाताला एकदम बरोबर लागलं, इतक्या दिवसांत पहिल्यांदा. तिनं नकळत ऐरणीवर हातोडा टेकवला. टिंग.

आणि ती थांबली.

दुसरा पाय अजून लाल होता. एक घाव पुरला असता. हातोडा वर गेलेला होता, आणि तिला आपला श्वास ऐकू येत होता, आणि श्वासाच्या पलीकडं, भिंतीच्या पलीकडं असावं तसं, परातीत थांबलेले हात. आईला क्रूस बघायचा नव्हता. क्रूस तर तिनं आयुष्यभर बघितले होते, कुंपणाच्या आतले. लाल रंग उतरला, तांबडा झाला, काळा झाला. ओटिलियानं हातोडा खाली ठेवला, पूर्ण न झालेल्या कड्याशेजारी.

तिनं ओकचा एक ठोकळा निखाऱ्यांच्या मधोमध पुरला आणि वर ओला कोळसा थापला. असं केलं की विस्तव तासभर दम धरतो, हे पुस्तकात होतं. मग ती स्वयंपाकघरात गेली, फडताळातली ईस्टरची बाटली घेऊन आली आणि गॅरेजातल्या बादलीत सगळी ओतली. पाणी काळंच राहिलं. काठाशी खवले तरंगत होते.

खोकं तिनं दोन्ही हातांनी उचललं. जड होतं. ऐरणीला वळसा घालून तिनं ते पलीकडच्या बाजूला ठेवलं, पुढच्या पावलाचा खळगा ऐरणीकडं करून, आणि हलत नाही ना ते हातानं दाबून पाहिलं. आईला धरलं की ती थोडा वेळ उभी राहू शकते. घण फार जड होईल, मधला हातोडा बरा. तो तिनं खोक्याला टेकवून उभा केला. आता ती स्वतः ऐरणीच्या या बाजूला, खाली फरशीवर, बुटकी दिसणार होती. पापांच्या जागी.

तिनं हात धुतले नाहीत. डोक्याला रुमाल बांधला, आईसाठी दोन शाली घेतल्या. गॅरेजचं मोठं दार तिनं बाहेरून ओढून घेतलं, बोटभर फट ठेवून. आत अंधार झाला. वारा उत्तरेकडून येऊ लागला होता. पिकअप सुरू झाली, कोपऱ्यावर ब्रेक लागले, काही वाजलं नाही, आणि ओटिलिया आईला आणायला निघाली.